संपादित केलेली रॉ छायाचित्रे दुसऱ्या संगणकावर पुन्हा मूळपदावर का येतात?

एप्रिलमधल्या एका रविवारी रात्री कोपरखैरण्याहून भाचीचा फोन आला. "मामा, फ्लेमिंगोंवर केलेलं सगळं काम गेलं. फोटो पुन्हा पहिल्यासारखे फिकट दिसतायत." ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून निघणाऱ्या होडीतून तिने ठाणे खाडीतले फ्लेमिंगो टिपले होते, चार संध्याकाळी घालवून निकॉनच्या एनएक्स स्टुडिओमध्ये साठेक छायाचित्रांचा उजेड, रंग आणि चौकट नीट बसवली होती, आणि नंतर ती सगळी छायाचित्रे घरच्या डेस्कटॉपवरून पोर्टेबल हार्ड डिस्कवर घेऊन लॅपटॉपवर उघडली, तेव्हा त्यांतल्या एकावरही केलेल्या कामाची खूण उरलेली नव्हती. ही तक्रार मी ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या ओळखीच्या पाच-सहा जणांकडून ऐकली आहे, आणि सर्वांत आधी ती माझ्याच घरात, माझ्याच हातून घडली आहे. म्हणून तिचा उलगडा एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

अशा वेळी पहिले पथ्य हे की घाईने पुन्हा संपादन सुरू करू नये, काहीही पुसू नये, आणि ज्या संगणकावर मूळ काम झाले त्याला हात न लावता तो तसाच राहू द्यावा. बहुतेक वेळा काम नष्ट झालेले नसते. छायाचित्र पुढे गेलेले असते आणि काम मागे राहिलेले असते. असे कसे होऊ शकते हे समजण्यासाठी रॉ फाइलवर काम करताना प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे लागते.

रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्यातल्या सेन्सरने मोजलेल्या प्रकाशाच्या आकड्यांची नोंद. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची गाळणी बसवलेली असते, त्यामुळे प्रत्येक बिंदूपाशी एकाच रंगाचा आकडा मिळतो. १४ बिटच्या नोंदीत हा आकडा ० ते १६,३८३ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो, तर जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्याच मिळतात. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने भरून काढावे लागतात, व्हाइट बॅलन्स ठरवावा लागतो, गडद आणि उजळ भागांचे प्रमाण जुळवावे लागते, आणि तेव्हा कुठे डोळ्यांना दिसणारे चित्र तयार होते. हे चित्र फाइल उघडताना दरवेळी नव्याने रांधले जाते. आपण स्लायडर सरकवतो तेव्हा मूळ आकड्यांना धक्काही लागत नाही. आपण फक्त आचाऱ्याच्या हाती एक चिठ्ठी देतो की, मीठ एवढे, तिखट एवढे. कॅननने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये या चिठ्ठीला ‘रेसिपी’ असेच नाव दिले आहे आणि ते मला फार समर्पक वाटते.

तेव्हा सगळा प्रश्न एवढाच उरतो की ही चिठ्ठी ठेवली कुठे जाते. प्रत्येक कंपनीने याचे उत्तर वेगळे दिले आहे, आणि ते उत्तर ठाऊक नसणे हेच या दुखण्याचे मूळ आहे.

निकॉनने मार्च २०२१ मध्ये कॅप्चर एनएक्स-डी आणि व्ह्यूएनएक्स-आय या दोन्हींच्या जागी एनएक्स स्टुडिओ हे एकच मोफत सॉफ्टवेअर आणले. ते आपली चिठ्ठी छायाचित्राच्या आत लिहीत नाही. ज्या फोल्डरमध्ये छायाचित्रे आहेत त्याच फोल्डरच्या पोटात ते एनकेएससी_पॅरॅम नावाचे एक उपफोल्डर तयार करते आणि त्यात प्रत्येक संपादित छायाचित्रासाठी एकेक छोटी साइडकार फाइल, म्हणजेच ती चिठ्ठी, ठेवते. छायाचित्राचे नाव डीएससी_०४१२.एनईएफ (एनईएफ म्हणजे निकॉनचा रॉ फाइलप्रकार) असेल, तर साइडकारचे नाव डीएससी_०४१२.एनईएफ.एनकेएससी असे, म्हणजे मूळ नाव शेपटीसकट घेऊन त्याला आणखी एक शेपटी जोडलेले, असते. पडद्यावर ही नावे अर्थातच रोमन अक्षरांत दिसतील. छायाचित्र उघडताना सॉफ्टवेअर शेजारी अशी चिठ्ठी आहे का हे पाहते. असली तर तिच्याप्रमाणे चित्र रांधते, नसली तर कॅमेऱ्याने दिलेल्या मूळ मांडणीप्रमाणे दाखवते, आणि या दुसऱ्या परिस्थितीत काही चुकले आहे असे मानण्याचे त्याला काहीच कारण नसते, म्हणून ते कोणतीही सूचना देत नाही. निकॉनचे त्याआधीचे कॅप्चर एनएक्स २ संपादन थेट एनईएफ फाइलमध्येच साठवत असे. त्या काळापासून काम करणाऱ्यांच्या हाताला ‘फाइल उचलली की काम आलेच’ अशी सवय लागलेली आहे, आणि माझाही घात त्याच सवयीने केला.

झाले असे की, गुढीपाडव्याच्या ठाण्यातल्या शोभायात्रेची छायाचित्रे मला दुसऱ्या संगणकावर न्यायची होती. त्या फोल्डरमध्ये एनईएफबरोबर जेपेग आणि चलचित्रेही मिसळलेली होती, म्हणून मी विंडोजच्या शोधचौकटीत एनईएफ हा फाइलप्रकार टाकला, जेवढे निकाल आले तेवढे सगळे निवडले आणि कॉपी केले. वरवर पाहता ही अतिशय नीटनेटकी पद्धत आहे. तिने प्रत्येक छायाचित्र अचूक उचलले आणि एनकेएससी_पॅरॅम तेवढे मागे ठेवले. त्यावर कळस म्हणजे, मूळ जागी उरलेले ते विचित्र नावाचे फोल्डर मला सॉफ्टवेअरने मागे टाकलेला कचरा वाटला आणि मी ते पुसून टाकले. दोष सर्वस्वी माझा होता.

भाचीने हाच शोधचौकटीचा मार्ग धरला होता, पण सुदैवाने पुसापुशी केलेली नव्हती. फोनवरच तिला डेस्कटॉपवरचे मूळ फोल्डर उघडायला सांगितले आणि विचारले, "एनकेएससीने सुरू होणारं काही दिसतंय का?" ती म्हणाली, "हो, आहे की एक. मला वाटलं ते प्रोग्रामचं असेल." आत तिच्या साठेक छायाचित्रांच्या नावांच्या चिठ्ठ्या शिस्तीत पडून होत्या आणि त्यांवर त्या चार संध्याकाळच्या तारखा होत्या. तारखा पाहणे महत्त्वाचे आहे, कारण शेवटच्या दिवसाची तारीख दिसली म्हणजे शेवटच्या दिवसाचे कामही साठवले गेले होते याची खात्री पटते. मग लॅपटॉपवरचे एनएक्स स्टुडिओ पूर्ण बंद करून, ते संपूर्ण उपफोल्डर लॅपटॉपवर छायाचित्रांच्या शेजारी, म्हणजे ज्या फोल्डरमध्ये एनईएफ आहेत नेमके त्याच्याच आत, आणून ठेवायला सांगितले. सॉफ्टवेअर पुन्हा उघडल्यावर सगळे रंग परत आले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. काम गेले असे समजून लॅपटॉपवर दोन-चार छायाचित्रे नव्याने संपादित केली असतील, तर तेथेही एनकेएससी_पॅरॅम तयार झालेले असते आणि जुने फोल्डर आणताना विंडोज विचारते की त्याच नावाच्या फाइल बदलायच्या का. त्या क्षणी विचार न करता ‘हो’ म्हणण्याआधी लॅपटॉपवरच्या उपफोल्डरची एक प्रत लॅपटॉपवरच दुसऱ्या एखाद्या जागी बाजूला काढून ठेवावी. दोन्ही चिठ्ठ्या हाताशी असल्या तर कोणती ठेवायची हे नंतर शांतपणे ठरवता येते.

उपफोल्डर योग्य जागी आहे आणि तरीही काही छायाचित्रे मूळ रूपातच दिसत आहेत, असा प्रकार असेल तर संशय नावांवर घ्यावा. फाइल एक्सप्लोररमध्ये छायाचित्राचे नाव बदलून ‘ऐरोली_भरती_०१’ असे काही सुंदर नाव दिले की चिठ्ठीवर मात्र जुनेच नाव राहते आणि दोघांची ओळख तुटते. उपाय सरळ आहे: छायाचित्राला त्याचे जुने नाव परत द्यावे, नाहीतर चिठ्ठीचे नावही त्याच बरहुकूम, मधल्या एनईएफ या शेपटीसकट, बदलावे. नावे बदलणे, फाइल हलवणे, प्रती काढणे ही कामे एनएक्स स्टुडिओच्या आतूनच केली तर ते छायाचित्राबरोबर चिठ्ठीही नेते. मोठा ढीग हलवण्यापूर्वी दोन फाइलींवर करून पाहावे, एवढेच मी सुचवीन.

याहून चकवणारा प्रकार दोन फोल्डर एकत्र करताना होतो, आणि खाडीवर नेहमी जाणाऱ्यांना तो हटकून भेटतो. निकॉनच्या कॅमेऱ्यात फाइलचा क्रमांक ९९९९ पर्यंत जातो आणि पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. फ्लेमिंगोंचा थवा उडू लागला की बोट शटरवरून उठत नाही, होडीच्या एका फेरीत हजार-दीड हजार फ्रेम सहज होतात, आणि मग नोव्हेंबर ते मे अशा एकाच हंगामात तोच क्रमांक दुसऱ्यांदा येतो. आता जानेवारीचे आणि एप्रिलचे फोल्डर एकत्र केले आणि दोन्हींत डीएससी_०४१२ असले, तर विंडोज विचारते आणि आपण शहाणपणाने ‘दोन्ही ठेवा’ असे सांगतो. छायाचित्राचे नाव होते डीएससी_०४१२ (२).एनईएफ. चिठ्ठीचे नाव मात्र होते डीएससी_०४१२.एनईएफ (२).एनकेएससी, कारण विंडोज तो कंसातला आकडा अगदी शेवटच्या शेपटीच्या आधी घालते. कंस एका ठिकाणी एनईएफच्या अलीकडे आणि दुसऱ्या ठिकाणी पलीकडे! दोन्ही नावे इतकी सारखी दिसतात की मला हा फरक पहिल्यांदा ओळखायला अर्धा तास लागला होता. त्याऐवजी चिठ्ठ्यांपुरते ‘बदला’ म्हटले असते तर अनर्थ अधिक मोठा, कारण मग जानेवारीच्या पहाटेच्या छायाचित्राला एप्रिलच्या कडक उन्हाची चिठ्ठी लागू होते आणि जानेवारीची चिठ्ठी कायमची जाते. म्हणून दर फेरीचे फोल्डर वेगळे ठेवावे, फोल्डरच्या नावात तारीख घालावी, आणि कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये फाइलनावाची पहिली तीन अक्षरे बदलण्याची सोय असेल तर दर हंगामाला ती बदलावीत.

मेमरी कार्डवरूनच छायाचित्रे उघडून त्यांवर काम करण्याची सवय असलेल्यांच्या चिठ्ठ्या कार्डावरच तयार होतात आणि पुढच्या सफरीआधी कार्ड फॉरमॅट केले की त्याबरोबर जातात. कार्डाचे लॉक लावलेले असेल तर त्या लिहिल्याच जात नाहीत. आधी संगणकावर उतरवावे, मग काम करावे. त्याचप्रमाणे बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त छायाचित्रांचे फाइलप्रकार निवडलेले असतील, तर तो बॅकअप अर्धाच आहे, हे आजच तपासून पाहावे.

चिठ्ठ्या खरोखरच पुसल्या गेल्या असतील तर प्रथम रिसायकल बिन पाहावा. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल तेथे येत नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावे. तेथेही नसेल तर आधी कुणाला पाठवलेल्या जेपेग शोधाव्यात. शोभायात्रेच्या वेळी माझ्याकडे अशा अकरा जेपेग उरल्या होत्या. पडद्यावर एका बाजूला जेपेग आणि दुसऱ्या बाजूला रॉ ठेवून मी एकेका प्रकारच्या प्रकाशातले एक छायाचित्र पुन्हा जुळवले आणि त्याची मांडणी कॉपी करून त्याच प्रकाशातल्या बाकीच्यांवर पेस्ट केली. तलावपाळीजवळच्या सकाळच्या सावलीतली चाळीस छायाचित्रे एका मांडणीत बसली, पण ज्यांत कलर कंट्रोल पॉइंट लावून नऊवारीचा एखादाच काठ उजळला होता, ती पुन्हा तशी जमली नाहीत.

आता कॅननकडे पाहू. डिजिटल फोटो प्रोफेशनल ४ आपली रेसिपी सेव्ह केल्यावर रॉ फाइलच्या आतच लिहिते, त्यामुळे फाइल कुठेही नेली तरी रेसिपी तिच्याबरोबर जाते आणि वर सांगितलेल्या बहुतेक अडचणी उद्भवत नाहीत. मात्र तेथे निराळे खड्डे आहेत. एक म्हणजे सेव्ह करायला विसरणे, आणि दुसरा, जो अधिक वेळा पाहण्यात येतो तो म्हणजे कार्डावरून त्याच फाइल पुन्हा उतरवून आधीच्यांवर ठेवणे. निकॉनच्या बाबतीत हे निरुपद्रवी आहे, कारण चिठ्ठी बाहेर आहे; कॅननच्या बाबतीत मात्र रेसिपी असलेल्या फाइलवर रेसिपी नसलेली कोरी फाइल बसते. महत्त्वाच्या छायाचित्रांची रेसिपी डीआर४ या प्रकारच्या स्वतंत्र फाइलमध्येही साठवता येते, आणि लग्नाचे काम करणाऱ्यांनी तरी हे कष्ट घ्यावेत. फाइलच्या आत लिहिण्याची आणखी एक किंमत अशी की, एक स्लायडर हलवून सेव्ह केले तरी बॅकअपच्या दृष्टीने ती अख्खी फाइल बदललेली असते आणि पुन्हा पूर्ण कॉपी होते. वैयक्तिक मत विचाराल तर मला निकॉनची पद्धत अधिक सुरक्षित आणि कॅननची अधिक सोयीची वाटते.

एका कंपनीची चिठ्ठी दुसऱ्याला वाचता येत नाही, हा या तक्रारीचा पुढचा अवतार आहे. एनएक्स स्टुडिओमध्ये जुळवलेली एनईएफ लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर ते शेजारच्या एनकेएससी_पॅरॅमकडे ढुंकूनही पाहत नाही. शिवाय कॅमेऱ्यात ॲक्टिव्ह डी-लायटिंग चालू असेल तर तेथे छायाचित्र अपेक्षेपेक्षा काळपट दिसते. ही सोय उजळ भाग वाचवण्यासाठी छायाचित्र घेतानाच उजेड थोडा कमी करते आणि गडद भाग नंतर उचलते. त्यातला उचलण्याचा भाग निकॉनचे सॉफ्टवेअर पार पाडते, इतरांना त्याचा पत्ता नसतो. फाइल एक्सप्लोररमधले छोटे चित्रही विश्वासाचे नाही, कारण ते रॉ फाइलमध्ये कॅमेऱ्याने आधीच भरून ठेवलेल्या जेपेगवरून येते आणि एनएक्स स्टुडिओमध्ये तुम्ही काहीही केले तरी ते बदलत नाही. काम दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचेच असेल तर १६ बिट टिफ एक्स्पोर्ट करून न्यावे. ती फाइल अगडबंब होते, हे आधीच सांगून ठेवतो: ६००० गुणिले ४००० बिंदू, प्रत्येक बिंदूला तीन रंग आणि प्रत्येक रंगाला दोन बाइट असा हिशेब केला तर दाबून लहान न केलेली (अनकंप्रेस्ड) एक टिफ १४४ मेगाबाइटची होते. म्हणून निवडक छायाचित्रांपुरतेच हे करावे.

भाचीचे प्रकरण येथे संपायला हवे होते, पण दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला की लॅपटॉपवर सगळे ठीक आहे, मात्र जेपेग करून घरच्यांना पाठवलेल्या छायाचित्रांत फ्लेमिंगो पुन्हा फिकट झाले आहेत. लक्षण तेच असले तरी हा आजार वेगळा आहे. तिला मी एवढेच विचारले की फाइलचे नाव अधोरेषेने सुरू होते का. होत होते: डीएससी_०४१२ च्या ऐवजी तिच्या नव्या फाइल _डीएससी०४१२ अशा होत्या. निकॉनचा कॅमेरा अडोबी आरजीबी या रंगावकाशावर (रंगावकाश म्हणजे चित्रात कोणते रंग मावतात याची ठरलेली चौकट) ठेवलेला असेल तर नावाची सुरुवात अशी अधोरेषेने होते, आणि कॅननमध्येही हीच खूण आहे. कुणाच्या तरी सल्ल्यावरून तिने मेनूत हा बदल केला होता.

१९९८ सालच्या अडोबी आरजीबीमध्ये हिरव्या बाजूला एसआरजीबी या नेहमीच्या वापरातल्या रंगावकाशापेक्षा अधिक रंग मावतात, पण तेच आकडे एसआरजीबीचे समजून दाखवणाऱ्या ॲपमध्ये सगळेच रंग मलूल होतात. करड्या चिखलावरचा आधीच नाजूक असलेला गुलाबी रंग त्यात सर्वांत आधी मरतो. रॉच्या बाबतीत दिलासा असा की कॅमेऱ्यातली ही निवड म्हणजे फाइलला लावलेली नुसती खूण असते, मूळ आकडे दोन्हींत सारखेच असतात. त्यामुळे छायाचित्रे पुन्हा काढण्याची गरज नसते. तिने एनएक्स स्टुडिओमध्ये त्या छायाचित्रांचे रंगावकाश एसआरजीबी केले, एक्स्पोर्टच्या चौकटीत रंगाचे आयसीसी प्रोफाइल (फाइलमधले आकडे कोणत्या रंगावकाशाचे आहेत हे सांगणारी नोंद) काढून टाकण्याच्या पर्यायावर चुकून पडलेली खूण काढली, आणि एकच जेपेग करून आधी स्वतःच्या फोनवर पाहिली. रंग जुळल्यावर बाकीची साठ तिने एकदम काढली, आणि त्या रात्री हार्ड डिस्कवर प्रत घेताना एनईएफ न शोधता अख्खे फोल्डर उचलले.